आईबाबांचा ताण मुलाला बाधतो म्हणतात, पण तो कमी करायचा कसा?

ओवी_ठाणे

विशेष मुलांच्या पालकांना विचारतेय. माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. ऑटिझम, बोलणं मोजकंच. आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमचा ताण कमी व्हायला हवा, त्याचा मुलाच्या प्रगतीवर परिणाम होतो."

दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. एक, हे खरंच असं असतं का, की नुसती बोलायची पद्धत? दोन, तुमच्या घरात ताण प्रत्यक्षात कशाने कमी झाला? सकारात्मक राहा, योगा करा, स्वतःसाठी वेळ काढा, हे सगळं ऐकून झालंय. तुमच्याकडे जे घडलं ते सांगा.

आमची परिस्थिती: ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच थेरपी, शाळेत शॅडो टीचर (वर्गात फक्त त्याच्यासाठी असलेली मदतनीस) आणि घरी करून घ्यायच्या गोष्टींची यादी. ती प्रत्येक भेटीत वाढते, कमी कधीच होत नाही. मी नोकरी सोडली आहे. नवरा समजूतदार आहे, पण सकाळी गेलेला माणूस रात्री साडेनऊला घरात येतो. सासूबाई जीव लावतात, पण त्यांचे गुडघे गेलेत आणि मुलगा आता उचलण्याजोगा राहिला नाही.

चाफेकळी

वाचतेय. लेक ८ वर्षांची, डाऊन सिंड्रोम. ती झोपली की सविस्तर लिहिते.

गोदाकाठ

ओवीताई, आमच्याकडे ताण कमी झाला तो मुलगा झोपायला लागला तेव्हा.

मुलगा आता १४ वर्षांचा आहे, ऑटिझम. पाच-सहा वर्षांचा असताना रात्री दोनला उठायचा, किंचाळायचा, डोकं गादीवर आपटायचा. खालच्या मजल्यावरचे वर येऊन गेले. सगळे म्हणायचे, ऑटिझममध्ये असं असतंच. एका बालरोगतज्ज्ञांनी मात्र त्याचं पोट दाबून बघितलं आणि शी कधी होते, कशी होते, घट्ट होते का, असं बारीक विचारलं. जुना बद्धकोष्ठ निघाला. त्याला दुखत होतं आणि सांगता येत नव्हतं. औषध, पाणी आणि जेवणानंतर ठरलेल्या वेळी पायाखाली पाट देऊन कमोडवर बसवणं, एवढ्यावर काही आठवड्यांत किंचाळणं उतरलं. झोप आली तशी दिवसाची चिडचिडही कमी झाली. बायको मला म्हणाली होती, "आज त्याच्याशी खेळावंसं वाटलं." त्याआधी ती त्याच्याकडून फक्त करून घेत होती.

म्हणून माझं सांगणं, आधी झोप, पोट, दात, कान तपासून घ्या. न बोलणाऱ्या मुलाचं दुखणं "वागणूक" म्हणून खपून जातं.

अनुबंध

मी बालविकासात काम करते, म्हणून पहिल्या प्रश्नाबद्दल लिहिते. संबंध आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांतल्या १८३ मुलांचा, ती तान्ही असल्यापासून दहा वर्षांची होईपर्यंत अभ्यास झाला. तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं तीन गटांतली होती: डाऊन सिंड्रोम, हालचालीतलं अपंगत्व आणि विकासातला उशीर. पुढची वाटचाल नुसत्या निदानावरून ठरली नाही. आई आणि मूल एकमेकांशी कसे वागतात, घरातली माणसं एकमेकांना कशी धरून आहेत, यावरून मुलाच्या बौद्धिक आणि सामाजिक वाढीबद्दल निदानापेक्षा अधिक काही सांगता आलं. आणि मूल वाढवण्याचा ताण आईचाही वाढत गेला, बापाचाही. ज्यांच्यामागे माणसं होती आणि जे अडचण समोर ठेवून तिच्यावर काम करत, त्यांना तो कमी जाणवला.

गोदाकाठ यांनी लिहिलंय तेही संशोधनात दिसतं. मूल विकासात किती मागे आहे, यापेक्षा वागणुकीचे प्रश्न किती आहेत यावर पालकांचा ताण जास्त ठरतो. वागणूक अवघड झाली की ताण वाढतो, आणि ताण वाढला की पुढे वागणूक अजून अवघड होते. हे चक्र कुठूनही तोडता येतं. त्यांनी पोटापासून तोडलं.

रानजाई

अनुबंध, तुमचा हेतू चांगला आहे, पण मला हे वाचून राग आला. मूल बोलत नाही, आईने टीव्ही दाखवला. मूल जेवत नाही, आईने लाडावलं. आता आईला ताण आहे म्हणून मूल मागे. शेवटी आईच्याच माथी ना?

आणि हे नवीन नाही. ऑटिझम आईच्या थंडपणामुळे होतो, असं पाश्चात्त्य देशांत कितीतरी वर्षं डॉक्टर छातीठोकपणे सांगत होते. शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइमने ते घरोघरी पोचवलं. बर्नार्ड रिमलँड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये ते मुद्देसूद खोडून काढलं. तो स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचा बाप होता. तोवर किती आयांनी स्वतःला गुन्हेगार समजून दिवस काढले असतील? आज तोच आरोप मऊ भाषेत होतोय असं मला वाटतं.

मीठभाकर

रानजाई +१००. मला एकीने सांगितलं होतं, "मुलासमोर कायम हसतमुख राहा." त्या दिवसापासून हसणं हेही एक काम होऊन बसलं.

अनुबंध

रानजाई, तुमचा राग रास्त आहे. ऑटिझम किंवा डाऊन सिंड्रोम आईच्या ताणामुळे होत नाही. हे मी कितीही वेळा लिहायला तयार आहे.

पण म्हणून ताणाचा विषयच सोडून दिला, तर नुकसान पुन्हा आईचंच आहे. "तुमचा ताण कमी करा" असं आईला सांगणं अर्धवट आहे. ते सांगायचं नवऱ्याला, सासरला, शाळेला, सरकारला आणि आम्हा थेरपीवाल्यांना. मुलाच्या वाढीत आईची झोप मोजायची असेल, तर ती मिळवून देणं हा उपचाराचाच भाग धरायला हवा. माझं म्हणणं इतकंच आहे.

रानजाई

हे असं लिहिलंत तर मी तुमच्या बाजूने.

हातावरपोट

मी ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. ओवी, तुमची ती यादी इथे टाकाल का? मला शंका आहे की ती निम्मी करता येईल.

आमच्या शिक्षणात घरच्या कार्यक्रमावर भर असतो, पण त्या घरात किती हात आहेत हे विचारायला क्वचित शिकवतात. मी आता एकच पद्धत ठेवली आहे. वेगळा वेळ काढून करायची एकच गोष्ट द्यायची, बाकी सगळं घरात चालूच असलेल्या कामात बसवायचं. तुम्ही पोळ्या करता तेव्हा त्याला कणकेचा गोळा द्या. दाबणं, ओढणं, लाटणं, त्यावर बोटांनी खड्डे करणं, हातांच्या ताकदीचं सगळं काम त्यात होतं. मटार सोलणं म्हणजे चिमटीचा उत्तम व्यायाम, शिवाय दाणे तोंडात टाकायला मिळतात, त्यामुळे मूल टिकून बसतं. बाजारातून येताना एक पिशवी त्याच्या हातात द्या. पेलेल इतपत वजन ओढण्या-उचलण्याने बरीच मुलं शांत होतात.

आणि थेरपिस्टला सरळ विचारा, "या यादीतली सगळ्यात महत्त्वाची एक सांगा, बाकी पुढच्या महिन्यात बघू." चिडला तर थेरपिस्ट बदला.

चाफेकळी

लेक झोपली. आता लिहिते.

आमच्याकडे फरक पडला तो आजीमुळे, म्हणजे माझ्या सासूबाईंमुळे. निदान झालं तेव्हा त्यांनी देवाला नवस बोलून घेतले, त्यावरून आमचे खटकेही उडाले. पण स्पीचच्या ताईंनी त्यांना एकदा समोर बसवलं आणि विचारलं, "आजी, तुम्हाला बडबडगीतं किती येतात?" त्यांना येतात भरपूर. ताईंनी शिकवलं की ओळ म्हणायची आणि शेवटचा शब्द आला की थांबायचं. नातीकडे बघायचं, भुवया उंच करायच्या आणि वाट बघायची. घाई करायची नाही. आजी थांबल्या की लेक आधी नुसती हसायची, मग "आ" म्हणायला लागली, मग अख्खा शब्द. आता ती आजींनाच मध्ये थांबवते आणि भुवया उंच करते.

संध्याकाळचा तो वेळ माझा सुटला. त्या वेळात मी फक्त गॅलरीत बसते.

कसारा_फास्ट

बाबांच्या बाजूने लिहितो, कारण इथे आम्ही कमी दिसतो.

ऑफिसात कुणाला माहीत नसतं, घरी रडायची सवय नसते, आणि ओटीच्या वेटिंग रूममध्ये सगळ्या आया. अनुबंध म्हणतात तसा ताण बापालाही असतो, पण तो पैसे, कर्ज, ओव्हरटाइम या नावांनी बाहेर पडतो. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. पट्टे, बूट, चाकाची खुर्ची, सगळं दर काही काळाने लहान होतं आणि पुन्हा घ्यावं लागतं.

आम्ही कामं वाटून घेतली. रात्रीची आंघोळ आणि झोपवणं पूर्ण माझं. पूर्ण म्हणजे टॉवेल कुठे आहे, स्ट्रेचिंग झालं का, डायपर संपत आलेत का, हेही मीच बघायचं. विचारून विचारून केलं तर लक्षात ठेवण्याचं ओझं बायकोच्याच डोक्यात राहतं. मी घरी पोचतो नऊला, म्हणून मुलाची झोपायची वेळच पुढे सरकवली. काही जण म्हणतील, मूल लवकर झोपायला हवं. आमच्या घरात बापाच्या हातून आंघोळ जास्त महत्त्वाची ठरली. पाण्यात त्याचे स्नायू सैल पडतात आणि तो मला शाळेतलं सगळं सांगतो.

पाणंद

तुम्हा शहरातल्या लोकांचं वाचून बरंही वाटतं अन् वाईटही. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. पुतणी चार वर्षांची, चालत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आलं, त्यांनी ओळखलं अन् जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी दिली. तिथं उपचार फुकट, माणसं चांगली. पण तिथं जायचं म्हणजे वहिनीची दिवसाची मजुरी गेली, एसटी दोनदा बदलायची अन् पोरगी कडेवर. सोयाबीन काढणीच्या दिवसांत जाणं होतच नाही.

मग फिजिओच्या मॅडमनं मोबाइलवर व्हिडिओ काढून दिले, वहिनीचेच हात, पोरगीचेच पाय. आता अंगणवाडी ताई दुपारी खाऊ झाला की तेवढं करून घेते. वहिनीचा ताण कशानं कमी झाला विचाराल, तर एसटीच्या खेपा कमी झाल्यानं.

हातावरपोट

पाणंद, त्या फिजिओ मॅडमना माझा नमस्कार सांगा. त्याच मुलाचा, त्याच घरातला व्हिडिओ, हे फार मोलाचं आहे.

दूरदेशी

न्यू जर्सीतून. इथे तीन वर्षांपर्यंत थेरपिस्ट घरी येतात, पुढे शाळेवर कायद्याने जबाबदारी असते आणि दर वर्षी मुलाचा लेखी आराखडा पालकांना सोबत बसवून करतात. आईवडिलांना थोडी उसंत मिळावी म्हणून काही तास प्रशिक्षित माणूस मुलाजवळ राहायची सोयही काही कुटुंबांना मिळते, पण त्यासाठी ताटकळावं लागतं. सगळं कागदावर छान आहे. पण चाफेकळींच्या सासूबाईंसारखी आजी मी कुठून आणू? आजारी पडले तर मुलाला कुणाकडे ठेवू, हा इथला रोजचा घोर आहे. आम्ही चार मराठी कुटुंबांनी आळीपाळीने एकमेकांची मुलं सांभाळायचं ठरवलंय. त्या दोन तासांत आम्ही नवराबायको नुसते किराणा आणायला जातो, पण एकत्र जातो.

धाकटी

मी पालक नाही. मी बहीण आहे. दादा ३१ वर्षांचा आहे, बौद्धिक अपंगत्व.

लहानपणी घरात येणारा प्रत्येक पाहुणा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "तुला मोठं होऊन दादाला सांभाळायचंय हं." मला दहावीत कमी मार्क पडले तेव्हा घरात कुणी रागावलं नाही, कारण कुणाचं लक्षच नव्हतं. दादावर माझा फार जीव आहे, आणि तरीही हे लिहितेय. ताणाचा हिशोब मांडताना भावंडांना विसरू नका. आईने एक चांगली गोष्ट केली. शनिवारी संध्याकाळी ती फक्त माझी असायची. आम्ही पाणीपुरी खायचो आणि दादाचा विषय मी काढला तरच निघायचा. बाबांनी मी कॉलेजला गेल्यावर स्पष्ट सांगितलं की दादाची सोय करणं त्यांचं काम, माझ्या लग्नाच्या अटींमध्ये तो येणार नाही. त्या दिवसानंतर मी दादाकडे आपणहून जास्त जाऊ लागले.

मीठभाकर

धाकटी, हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं. मोठ्या लेकीसाठी शनिवार ठरवतोय.

गोदाकाठ

"आमच्यानंतर कोण" हा विषय निघालाच आहे तर माहिती देतो. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचा १९९९ चा कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. मूल १८ वर्षांचं झालं की त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घेता येतं. निरामय हा आरोग्य विमाही याच ट्रस्टचा, १ लाखापर्यंत. त्यात थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत मिळतो, आणि आधीपासूनचा आजार म्हणून नाकारत नाहीत. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आधी काढून घ्या, ते सगळीकडे लागतं. आयकरात ७५,००० रुपयांची वजावट आहे, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० ची.

वेताळटेकडी

दोन दुरुस्त्या. ती वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते, नवीन पद्धत घेतलीत तर नाही. आणि निरामय त्या चार प्रकारांपुरताच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यामुळे माझ्या ऐकू न येणाऱ्या मुलीला यूडीआयडी मिळालं, निरामय नाही.

सरकारी नोकरीतल्या आयांसाठी: दिव्यांग मूल असलेल्या आईला बालसंगोपन रजा मिळायलाच हवी, तो कृपेचा विषय नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात घेतली. केंद्र सरकारच्या नोकरीत ही रजा पूर्ण सेवेत ७३० दिवसांची आहे. खासगी नोकरीत असं काही नाही. ओवीसारख्या कितीजणी नोकरी सोडतात ते त्यामुळेच.

गोदाकाठ

बरोबर. दुरुस्तीबद्दल आभारी आहे.

रानजाई

राहण्याच्या सोयीबद्दल: डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं घरकुल आहे, पालकांनीच एकत्र येऊन उभं केलेलं. ओवी, तुम्हाला जवळ पडेल. आत्ता गरज नाही, पण एकदा बघून या. तिथे मोठी झालेली मुलं रोजची कामं करताना दिसली तेव्हा भविष्याचा विचार करताना माझ्या छातीत भरणारी धडकी ओसरली.

चाफेकळी

वातावरण फार गंभीर झालंय, म्हणून एक सांगते. सोसायटीच्या गणपतीत आरत्या लांबल्या होत्या. माझी लेक पुढे गेली, पुजारीकाकांच्या हातातलं ताम्हन शांतपणे खाली ठेवलं आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, "झालं. मोदक." तिने एका दमात म्हटलेले ते पहिले दोन शब्द. काकांनी खरंच तिथे आरती संपवली आणि पहिला मोदक तिला दिला. यंदा लहान मुलांनी तिला प्रसाद वाटायच्या समितीत घेतलंय.

कसारा_फास्ट

तिला आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला पाठवा. 😀

निनावी_सध्या

नवीन सदस्य आहे. हे कुठेच लिहिलं नव्हतं. मला कधीकधी वाटतं सगळं सोडून निघून जावं. मुलावर हात उचलला जाईल की काय, अशी भीती वाटते. ताण वगैरे शब्द लहान वाटतात मला.

अनुबंध

निनावी, लिहिलंत हे फार बरं केलंत. असं वाटणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. हे नैराश्यही असू शकतं आणि त्यावर औषध आहे, बोलणं आहे. १४४१६ हा टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आत्ता, या क्षणी हात उचलला जाईल असं वाटलं तर मुलाला सुरक्षित जागी बसवून दुसऱ्या खोलीत जा, दार लोटून घ्या. तो रडला तरी चालेल. आज तुमच्याजवळ कोण आहे? मी तुमच्या विपूत (विचारपूशीत) लिहिलंय.

रानजाई

मीही या टप्प्यातून गेले आहे. मला गोळ्या सुरू झाल्या, वर्षभर घेतल्या, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. तुमचं गाव सांगायचं नसेल तर नका सांगू, पण उत्तर मात्र द्या.

निनावी_सध्या

बहीण जवळच राहते. तिला फोन केला, ती येतेय. १४४१६ पण लावते.

ओवी_ठाणे

एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. निनावी, बहीण पोचली की नक्की कळवा.

नवऱ्याला अख्खा धागा वाचायला दिला. कसारा_फास्ट यांचं लिहिणं त्याने दोनदा वाचलं. रविवार सकाळ आणि रात्रीचं झोपवणं तो पूर्ण घेतोय, ब्रश, कपडे, दुसऱ्या दिवशीची बॅग, सगळं धरून. रोज जमेल का माहीत नाही, कारण त्याच्या शिफ्ट बदलतात. सासूबाईंना गुडघ्यांमुळे धावपळ जमत नाही, पण बसून गाणी म्हणायला त्या आनंदाने तयार आहेत. चाफेकळी, त्या भुवयांचा सराव आजपासून चालू आहे.

एका बाबतीत मात्र मी अजूनही रानजाईंसारखीच आहे. "ताण कमी करा" हे वाक्य मला पुन्हा कुणी म्हटलं तर मी विचारणार आहे, "त्यासाठी तुम्ही काय कमी करता?"

हातावरपोट, यादी खाली देते. झोका, ट्रॅम्पोलिन, ब्रशिंग (अंगावर मऊ ब्रश फिरवणे), मणी ओवणे, कात्री, फ्लॅश कार्ड, तोंडाचे व्यायाम, फुंकर, पझल, चित्र रंगवणे, शिवाय जेवताना चमचा धरणे.

हातावरपोट

चमचा ठेवा. तो दिवसातून तीनदा आपोआप होतो आणि आला की तुमचा रोजचा वेळ सुटतो. झोका बागेत गेलात तर. मणी आणि कात्रीऐवजी मटार आणि कणीक. फ्लॅश कार्ड आणि तोंडाचे व्यायाम बोलण्यासाठी म्हणून दिले असतील तर ते कशासाठी आहेत हे स्पीचच्या ताईंना विचारा. आजींचं गाणं त्याहून उपयोगी पडेल असं मला वाटतं. बाकीचं पुढच्या भेटीपर्यंत बाजूला ठेवा, आणि त्या भेटीला नवऱ्याला सोबत न्या. यादी कमी करायची मागणी त्यांनीच करू दे.

निनावी_सध्या

बहीण आलीये. मुलगा तिच्याजवळ झोपलाय. फोनवरच्या बाईंनी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवायला सांगितलंय. उद्या जातेय.